चित्र म्हणून चिकटव

शिरोलीच्या फौंड्रीत, ऑफिस वरच्या मजल्यावर असलं तरी
टेबलावरची धूळ काळीच.
सकाळी पुसा, चहापर्यंत परत हजर.
कीबोर्डवर एफ आणि जे
मी आता नुसत्या बोटांनी ओळखते.

उद्या अकराला बँकेची माणसं येणार.
वर्डमध्ये सोळा पानं तयार,
सातव्यावर एक मोकळी चौकट:
तिथं रिजेक्शनचा तक्ता यायचा.

पुण्याच्या हेल्पडेस्कवरची मुलगी फोनवर हसते
मी "करतो, बघतो, पाठवतो" म्हणाले की.
आमच्यात बायका अशाच बोलतात, ताई.
तिनंच शिकवलं :
इन्सर्ट. रिपोर्ट निवडा. त्यातलं दृश्य निवडा.
फिल्टर, हा महिना. लाइन, दोन.
आणि कर्सर ठेवला होता तिथं
निळे खांब उभे राहिले.

हे चित्र नव्हे, ती म्हणाली, हे जिवंत आहे.
मला वाटलं, कागदालाच भोक पाडलंय
आणि त्यातून खाली
भट्टी दिसते आहे.

पाच चाळीसला आकडा होता चार पूर्णांक दोन.
चौगुलेसाहेब मागं उभे राहून म्हणाले, "झ्याक!"
आणि गाडीची किल्ली वाजवत गेले.

खाली दस्तगीर मुलाणी.
आठवडाभर तो वहीत लिहितो, पेन्सिलीनं:
वाळू गळाली. पोकळी. थंड ओतलं.
परत थंड ओतलं.
बुधवारी रात्री पाळीवर आला की
वही उघडून टॅबवर चढवतो सगळं,
एका बोटानं.
बाकीची बोटं भाजून निबर झालीत,
काच त्यांना ओळखत नाही.

आज बुधवार.
नऊ वाजून दहा मिनिटांनी मी रिफ्रेश दाबलं, सवयीनं.
सातव्या पानावरचा शेवटचा खांब वर सरकला.
सहा पूर्णांक एक.
एक्सेलच्या बी रकान्यात सहा पूर्णांक एक.
स्लाइडवरही तेच.
एक बटण दाबलं
आणि तिन्ही खोल्यांत दिवे लागले.

साहेबांना फोन केला. मागं टीव्ही, पोरांचा दंगा.
"हलतंय कशाला ते? चित्र म्हणून चिकटव की.
दुपारचंच चिकटव. खोटं कुठं हाय ते?"

खोटं नव्हतंच.
पाच चाळीसला ते खरंच होतं.
दुपारची फाइल उघडली, ती अजून ताजी केलेली नव्हती.
कॉपी. पेस्ट. चित्र म्हणून.
भोक बुजलं. कागद कागद झाला.
आता कितीही दाबा,
खांब आपले हुशार पोरांसारखे गप्प उभे.

पर्स घेतली, लोखंडी जिना उतरले.
कपोल्यापाशी मामा टॉवेलनं मान पुसत होता.
"आलं का गं माझं वर?"
"आलं, मामा."
"समदं?"
"समदं."
"दिसलं न्हवं? मागल्या खेपेला म्हणं मधीच अडकलेलं."

"दिसलं," मी म्हणाले.
"त्याच्यासाठीच थांबलो होतो मी."

तो खूश झाला. वही
खाकी शर्टाच्या आत, पोटाशी खोचली.

मी गेटपर्यंत गेले.
हायवेवर उसाचा एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या,
रेडिओ फुल्ल.
नऊ पन्नासची केएमटी समोरून येताना दिसत होती.

परत वर आले. मशीन सुरू व्हायला
नेहमीसारखी चार मिनिटं.
सातवं पान. चित्राच्या खाली,
आठच्या अक्षरात, करड्या रंगात:
"आकडे बुधवार, सायंकाळी ५.४० पर्यंतचे."

बराच वेळ बघत बसले त्या टिंबाकडं.
मग टिंब खोडलं, स्वल्पविराम दिला:
"रात्रपाळीच्या नोंदी त्यानंतर आल्या आहेत."

करडा रंग काढला. काळा केला.
सेव्ह.

शेवटची बस गेली होती.
भावाला फोन लावला, म्हटलं, ये न्यायला,
आणि हेल्मेट दोन आण.